रशियन 'बोग' : इराणी उसना की स्लाव लोकांचा घरचा?

शब्दवेडा :
रशियन बोग, पोलिश बुक, चेक बूख, सगळ्यांचा अर्थ देव आणि आद्य-स्लाविक, म्हणजे या सगळ्या स्लाव भाषांच्या मूळ भाषेतलं रूप *बोगु (चांदणी म्हणजे लिखित पुरावा नसलेलं, तज्ज्ञांनी तर्काने बांधलेलं रूप). हे दिसलं की आपल्याकडे लगेच 'भगवानवरून आला' म्हणतात. नातं आहेच, पण माझं ठाम मत की स्लाव लोकांनी तो इराणी शेजाऱ्यांकडून घेतलाय. काळ्या समुद्राच्या उत्तरेला सिथियन, सार्मेशियन लोक कित्येक शतकं होते, त्यांची भाषा इराणी गटातली, डॉन नदीचं नावही त्यांचंच. आणि जुन्या पर्शियनमधे देव म्हणजे 'बग'!

रानपाखरू :
अजिबात नाही पटलं. शेजार होता म्हणजे शब्द उचललाच असं कुठंय? *बोगातु म्हणजे श्रीमंत, *उबोगु म्हणजे गरीब, ज्याच्या वाट्याला काही नाही असा. म्हणजे आपल्या भाग, भाग्यमधला 'वाटा' हा जुना अर्थ तिकडेही मुरलेला आहे. देवाचं नाव एकवेळ बाहेरून घेतील, पण गरिबाला काय म्हणायचं हे पण शेजाऱ्याला विचारणार का?

शब्दवेडा :
वाट्याचा अर्थ अवेस्तातही, म्हणजे इराणच्या जुन्या पारशी धर्मग्रंथातही आहे, त्यामुळे शब्द दोन्ही अर्थ घेऊनच आला असेल. खरा मुद्दा स्वराचा आहे. भाषातज्ज्ञ वर्नर विंटर यांनी १९७०च्या दशकात नियम मांडला की मूळ भाषेत (संस्कृत, इराणी, स्लाविक सगळ्यांची पूर्वज) ग, द असे साधे घोष व्यंजन असेल (घ, ध नाही) तर बाल्टिक-स्लाविकमधे (लिथुआनियनसारख्या बाल्टिक आणि स्लाव भाषांच्या शाखेत) त्याच्या आधीचा स्वर दीर्घ होतो. आपल्या नग्नचा भाऊबंद स्लाविकमधे *नगु, आणि तिथला 'अ' मूळचा दीर्घ; ऱ्हस्व 'अ'चा स्लाविकमधे 'ओ' होतो. मग भगचा (भगवानमधला भग) सख्खा भाऊ *बगु व्हायला हवा होता ना, *बोगु कसा झाला?

रानपाखरू :
मग पाण्याचा *वोदा? त्यात पण द आहे आणि स्वर ऱ्हस्वच राहिलाय, तो काय उसना? आपल्या उदकाचा नातलग आहे तो, सगळे मान्य करतात.

शब्दवेडा :
त्याला कारण देता येतं, लिथुआनियनमधे पाणी म्हणजे 'वांदुओ', मधे न आहे, आणि अशा जोडव्यंजनात नियम अडतो असं भाषातज्ज्ञ कोर्टलांट यांचं म्हणणं. बोगमधे असा न कुठेच नाही.

पाटीपेन्सिल :
लिथुआनियनमधे देवाला अजून 'दिएवास' म्हणतात, म्हणजे आपल्या देवचाच भाऊ. स्लाव लोकांनी देवासाठी तो ठेवलाच नाही. इतका जुना शब्द मागे पडतो तेव्हा मला तरी बाहेरच्या धर्माचा जोर दिसतो, म्हणून मी उसना पक्षात.

रानपाखरू :
बाहेरच्या धर्माचं राहू दे, वोदाला न चा आधार घेऊन सूट दिलीत. प्रत्येक अडचणीच्या शब्दाला नवी सूट लागणार असेल तर निव्वळ एका स्वरावरून बोग परका ठरवायला मी तयार नाही.