आविष्कार: ओरलसाठी क्लिकर कोणता घ्यावा? (बजेट ६००)

चिंचोका: नमस्कार मंडळी. आविष्कार या संशोधन स्पर्धेच्या विद्यापीठ फेरीत माझं पोस्टर निवडलं गेलं, आता ओरल, म्हणजे स्लाइड दाखवून बोलायचं. पीजी, प्युअर सायन्स. विषय: चिंचोक्यांच्या कोळशाने पाण्यातलं फ्लोराइड कमी करणं, यवतमाळ जिल्ह्यातल्या विहिरी डोळ्यांपुढे ठेवून. स्लाइड बदलायला क्लिकर घेऊ का? ६०० च्या वर एक रुपया नाही. तयारीबद्दलही सांगा.

गॅजेटगुरू_नागपूर: लॉजिटेकचा घे. दोन हजारांच्या आसपास जाईल, पण माझा अजून ठणठणीत आहे. ६०० मध्ये खेळणं मिळतं.

अण्णा_सोलापूर: क्लिकर कशाला? ब्लेझर घे. आमचा मुलगा झोनलला ब्लेझर घालून गेला, पहिला आला.

कॉमर्सवाली: अण्णा, आमच्या गटात पहिली आलेली मुलगी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होती. चिंचोका, सगळं पाठ करू नकोस. सुरुवात आणि शेवट तेवढा पक्का ठेव, नि मैत्रिणीला घड्याळ घेऊन समोर बसव.

चौकोनग्रस्त: मराठी स्लाइड असतील तर युनिकोडमध्येच टाइप कर. माझ्या जुन्या फॉन्टमधल्या होत्या. तिथल्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर नुसता कचरा, आणि गाइड माझ्याकडे बघतायत! पीडीएफ ठेव. पेनड्राइव्ह दोन ने.

मेलबर्नकर: इकडे थ्री मिनिट थीसिस स्पर्धा असते, क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली. एकच स्थिर स्लाइड, तीन मिनिटांच्या वर गेलात की बाद, वस्तू दाखवायला बंदी. तूही एकच स्लाइड कर. बाटल्याबिटल्या नेऊ नकोस.

जुना_परीक्षक: मेलबर्नकर, ते नियम तिकडचे. एका स्लाइडवर हिचे आलेख मावायचे नाहीत. आयोजकांचं पत्रक वाच गं, बाकी ऐकीव गोष्टी सोड.

प्रश्न काय येतील ते सांगतो. ‘नव्वद टक्के फ्लोराइड गेलं’ असं म्हणू नकोस, उरलं किती ते सांग. भारतीय मानकात मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. दहातले नऊ गेले तर एक उरतो, वीसमधले अठरा गेले तर दोन, म्हणजे नापास. टक्के दोन्हीकडे तेच. मग पीएच कितीवर काम करतं? कोळसा पुन्हा वापरता येतो का? वापरलेला टाकणार कुठे? नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेची फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत आहेच, तुरटी नि चुन्याची, मग तुझं कशाला? आणि मुख्य: प्रयोग लॅबमध्ये बनवलेल्या पाण्यावर केलेस की खऱ्या विहिरीच्या? विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, तिथे आकडे घसरतात.

विदर्भ_एक्सप्रेस: काय उपयोग? नंबर आधीच ठरलेले असतात.

जुना_परीक्षक: मी बसलो तिथे तरी नव्हते.

गॅजेटगुरू_नागपूर: हिरव्या लेझरचाच घे बरं का. लाल दिसत नाही.

चौकोनग्रस्त: प्रोजेक्टरऐवजी एलईडी पॅनल असेल तर हिरवाही धड दिसत नाही. स्लाइडवरच बाण काढ. आणि पीडीएफ विसरू नकोस.

अण्णा_सोलापूर: ब्लेझर भाड्यानेही मिळतो.

चिंचोका: सगळ्यांचे आभार. क्लिकर नाही घेत, बटण दाबत बोलेन. ब्लेझरही नाही, अण्णा. परीक्षककाका, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत, बहुतेक प्रयोग लॅबच्या पाण्यावरचेच आहेत. ६०० रुपये तिकडेच घालते: शनिवारी एसटीने जाऊन विहिरींचं पाणी आणते (तिकीट अर्धंच पडतं आम्हाला), फ्लोराइड मोजायचा इलेक्ट्रोड कॉलेजात आहे. आकडे वाईट आले तर वाईटच दाखवीन. पत्रकात मनाई नसेल तर बाटल्याही नेणार, आधीची नि नंतरची.

जुना_परीक्षक: फ्लोराइडला रंग नसतो, दोन्ही सारख्याच दिसतील.

चिंचोका: म्हणूनच तर गावातले लोक बिनधास्त पितात, काका. त्यावरूनच सुरुवात करणार आहे.

गॅजेटगुरू_नागपूर: बाराशेवाला सेलमध्ये आलाय. लिंक टाकू?