माजी विद्यार्थ्यांचा गौरव करताना पद पाहावे की सेवा?

परळचा_पदवीधर

सर्व सभासदांना नमस्कार.

मध्य मुंबईतील ज्या महाविद्यालयातून मी पदवी घेतली, त्याच्या माजी विद्यार्थी संघाचा चिटणीस म्हणून मी गेल्या वर्षापासून काम पाहतो. आमच्या महाविद्यालयात शिकलेली बहुतेक मुले गिरणी कामगारांची, गोदी कामगारांची, बेस्टच्या वाहकांची होती. सकाळी सातचा तास करून दहा वाजता कामावर हजर होणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असत. अशा घरांतून निघून ज्यांनी आपल्या क्षेत्रात नाव मिळवले किंवा समाजासाठी काही उभे केले, त्यांचा दरवर्षी वर्धापनदिनी सत्कार करावा, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने केला. ठरावात ‘कर्तृत्व आणि सेवा’ असे दोन शब्द आहेत, आणि माझी अडचण त्या दोन शब्दांच्या मधल्या ‘आणि’पासून सुरू होते.

आमच्याकडे आलेल्या नावांत एका औषधनिर्मिती उद्योगाचे संचालक आहेत, उच्च न्यायालयात वकिली करणारे एक ज्येष्ठ विधिज्ञ आहेत, प्रयोगशाळेच्या नूतनीकरणासाठी मोठी देणगी देणारे एक व्यापारी आहेत, आणि मानखुर्दच्या महापालिका शाळेत एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका आहेत. या बाईंविषयी त्यांच्या वर्गमित्राने लिहिले आहे की कचराभूमीच्या परिसरातील ज्या मुलांचे जन्मदाखलेही नव्हते, त्यांना शाळेत आणण्यासाठी त्या सुट्टीच्या दिवशी पालकांबरोबर विभाग कार्यालयात जाऊन बसत. सभेत हे वाचून दाखवल्यावर एका सदस्यांनी विचारले, की शिक्षिकेने मुलांना शाळेत आणले, हे तिचे कामच होते, त्यात गौरव करण्यासारखे काय आहे? त्यांचा स्वर तुच्छतेचा मुळीच नव्हता; ते खरोखर निकष विचारत होते. मला त्यावर नीट उत्तर देता आले नाही, आणि ती गोष्ट तेव्हापासून मनाला लागून राहिली आहे.

कर्तृत्व आणि सेवा यांसाठी एकच पुरस्कार असावा की दोन? देणगीदारांचा विचार याच यादीत करावा का? दिवंगत माजी विद्यार्थ्यांचे काय करावे? ज्यांनी आपल्या संस्थेत असे काम केले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

निवृत्त_ग्रंथपाल

चिटणीस महोदय, आपल्या सभेत विचारला गेलेला प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच विद्यापीठाच्या पहिल्या पानावर सापडते असे मला वाटते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८६२ मध्ये त्याच्या बी.ए.च्या पहिल्या तुकडीतून चार जण पदवीधर झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांतील रानडे यांची नोकरी न्यायाधीशाची होती आणि ते उच्च न्यायालयाच्या न्यायासनापर्यंत पोहोचले. केवळ पद पाहायचे तर गौरवाला एवढे पुरेसे आहे. परंतु आज आपण त्यांची आठवण काढतो ती पुण्याची सार्वजनिक सभा ही संस्था, प्रार्थना समाज, सामाजिक परिषद आणि अर्थविषयक लेखन यांसाठी, म्हणजे न्यायालयाच्या कामानंतर उरलेल्या वेळात त्यांनी जे उभे केले त्यासाठी. भांडारकरांची गोष्ट वेगळी आहे. संस्कृत शिकवणे आणि संशोधन करणे हाच त्यांचा व्यवसाय होता, आणि समाजाची सेवाही त्यांनी मुख्यतः त्याच विद्येच्या बळावर केली. विधवाविवाह आणि संमतिवय (विवाहसंबंधासाठी मुलीचे किमान वय) या प्रश्नांवर शास्त्रग्रंथांचे आधार शोधून मांडणारा विद्वान सुधारकांच्या बाजूला उभा राहिला, याचे मोल मोठे होते. एकाच तुकडीतील या दोघांकडे पाहिले तर सेवा कामाच्या बाहेरही असते आणि कामाच्या आतही असते, हे स्पष्ट होते. आपल्या शिक्षिका भांडारकरांच्या वाटेवरच्या आहेत. त्यांनी आपले कामच केले हे खरे. प्रश्न एवढाच विचारावा की त्यांनी ते जिथे थांबवले असते तरी कोणी नाव ठेवले नसते, तिथे त्या थांबल्या का? विभाग कार्यालयातील सुट्टीच्या दिवसांची ती हकीकत त्याचे उत्तर देते.

विद्यापीठाने आपल्याच पदवीधराचा केलेला मोठा सन्मान पाहायचा असेल तर १८९२ कडे पाहावे. त्या वर्षी काशीनाथ त्र्यंबक तेलंग कुलगुरू झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय होत. त्यांच्यानंतर भांडारकर कुलगुरू झाले. ज्याने इथे परीक्षा दिली त्याच्याच हाती संस्था सोपवणे, याहून मोठे मानपत्र मला तरी माहीत नाही. आपल्या संघानेही सत्कारमूर्तींना शाल देऊन निरोप देण्याऐवजी त्यांच्यावर काही जबाबदारी सोपवता येईल का, याचा विचार करावा; निदान पुढील वर्षाच्या निवड समितीत त्यांतील एकाला घ्यावे.

परळचे आहात म्हणून आणखी एक आठवण सांगतो. आपल्याच परिसरातील बीआयटी चाळीत राहिलेल्या आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना, त्यांनी पुढे जिथे शिक्षण घेतले त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये एलएल.डी. ही सन्मान्य पदवी दिली. तो गौरव एका माजी विद्यार्थ्याचा होता आणि त्याचे मुख्य कारण होते भारताच्या राज्यघटनेच्या निर्मितीतील त्यांचे कार्य. विद्यापीठाला स्वतःला त्यातून काय मिळाले, हा हिशेब तिथे नव्हता. माजी विद्यार्थ्याची सेवा मोजताना ती महाविद्यालयाला किती उपयोगी पडली, एवढ्यापुरती आपणही मोजू नये.

देणगीदारांविषयी माझे मत अगदी थोडक्यात सांगतो. राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या त्या मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. देणगीचा सन्मान वास्तूवर नाव कोरून होतो, आणि तो टिकतोही. तिची जागा तिथे आहे.

पवईकर

ग्रंथपाल सरांचा मी आदर करतो, परंतु कर्तृत्व आणि सेवा एकाच पारड्यात ठेवण्याबाबत माझे मत वेगळे आहे. सेवा कामाच्या आतही असते हे तत्त्व म्हणून मान्य केले, तरी प्रत्यक्ष सभेत संचालक आणि शिक्षिका यांची नावे एकाच कागदावर आली की हात संचालकांसाठी वर होतात. हे मी दोन संस्थांत पाहिले आहे. पवईच्या आयआयटीमध्ये माजी विद्यार्थ्यांसाठी विशेष कर्तृत्वाचा पुरस्कार वेगळा आहे आणि सेवेचा पुरस्कार वेगळा आहे. त्यामुळे एकाच्या यशाची दुसऱ्याच्या निष्ठेशी तुलना करण्याची वेळ येत नाही. तिथला सेवा पुरस्कार मात्र मुख्यतः संस्थेच्या सेवेसाठी आहे, आणि आपल्या महाविद्यालयाने तो समाजाच्या सेवेसाठी ठेवावा, या बाबतीत मी सरांशी पूर्ण सहमत आहे.

पुरस्कार वेगळे असले तरी मान सारखा असावा, हे संघाच्या घटनेत लिहून ठेवावे: दोन्हींचे मानपत्र सारखे, रक्कम सारखी, व्यासपीठावरील वेळ सारखा. अन्यथा सेवेचा पुरस्कार हा दुय्यम पुरस्कार होऊन बसतो.

नावे कशी मागवावीत, याविषयी पद्म पुरस्कारांची पद्धत उपयोगी पडेल. तिथे कोणीही नागरिक शिफारस करू शकतो. आपल्याकडे आलेली बहुतेक नावे कार्यकारिणीच्या ओळखीतली असतील, असा माझा अंदाज आहे, कारण जी व्यक्ती वर्धापनदिनाला कधी येत नाही तिची आठवण सभेत कोणाला होणार? म्हणून शिफारस करणारा माजी विद्यार्थीच असावा अशी अट असेल तर ती काढून टाकावी, आणि ज्यांना त्या व्यक्तीच्या कामाचा लाभ झाला त्यांच्याकडून एक पत्र मागावे. वकिलाबद्दल अशिलाने, डॉक्टरबद्दल रुग्णाने, शिक्षिकेबद्दल विद्यार्थ्याने लिहावे. त्याचबरोबर निवड समितीतील ज्या सदस्याचे एखाद्या नावाशी नाते किंवा व्यवहार असेल, त्याने त्या नावाच्या चर्चेच्या वेळी बाहेर बसावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. देणगीदार व्यापाऱ्यांचा प्रश्न यानेच सुटेल, कारण मग त्यांचे नाव वर्ज्य करावे लागणार नाही, फक्त त्यांच्या देणगीमुळे ज्यांचा विभाग चालतो ते लोक मतदानाला बसणार नाहीत.

सुहासिनी_दादर

चिटणीस साहेब, तुमच्या यादीत स्त्रिया किती आहेत, हे तुम्ही लिहिले नाही, आणि चार उदाहरणांत एकच आली. यात तुमचा दोष आहे असे मी म्हणत नाही. माजी विद्यार्थी संघांच्या नोंदवह्यांत मुलींची नावे माहेरची असतात आणि पत्ते वडिलांच्या घरचे असतात. लग्नानंतर आडनाव बदलते, चाळ पाडली जाते, कुटुंब डोंबिवलीला किंवा विरारला जाते, आणि ती पदवीधर संघाच्या दृष्टीने नाहीशी होते. आमच्या संघात आम्ही तीन जणींनी जुने वार्षिकांक घेऊन, वर्गाच्या छायाचित्राखालची नावे वाचून, एकमेकींना दूरध्वनी करत दोन वर्षांत बरीच नावे शोधली. त्या कामात ज्या स्त्रिया भेटल्या, त्यांपैकी एकीचेही नाव पूर्वीच्या कोणत्याही यादीत नव्हते. नावे मागवण्याची मुदत एका महिन्याची ठेवली तर अशा स्त्रिया कधीच सापडणार नाहीत.

आणि कृपया उशीर करू नका. कमला सोहोनी यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने मिळवली होती, तरी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना सुरुवातीला प्रवेश नाकारला, आणि दिला तेव्हाही तो अटींवर दिला. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि विज्ञानात ती पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. नीरेतील पोषणमूल्यांवरचे त्यांचे संशोधन कुपोषित मुलांच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या कामी आले. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला, त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले. हे आठवले की मला वाटते, वयाची ऐंशी उलटलेल्या ज्या व्यक्ती तुमच्या यादीत असतील त्यांचा विचार पहिल्याच वर्षी व्हावा, आणि त्यांना व्यासपीठावर बोलावण्याऐवजी चार जणांनी त्यांच्या घरी जाऊन मानपत्र वाचावे.

मानपत्राविषयी मला जरा जास्त लिहायचे आहे, कारण त्यात आमच्या घरचे दुःख आहे. माझी मावशी रुग्णालयात परिचारिका होती, आणि निवृत्तीनंतर ती ज्या संस्थेत शिकली होती त्या संस्थेने तिला बोलावून सत्कार केला. मावशी त्यासाठी नवे लुगडे नेसून गेली होती. घरी आल्यावर आम्ही मानपत्र वाचले. त्यात ‘आपल्या बहुमोल कार्याने आपण समाजापुढे आदर्श ठेवला आहे’ अशी सहा वाक्ये होती, तिने कोणत्या विभागात काम केले याचा उल्लेख नव्हता, आणि एका ठिकाणी आधीच्या वर्षीच्या सत्कारमूर्तीचे नाव तसेच राहिले होते. तिने ते मानपत्र भिंतीवर लावले नाही. जळीत विभागात तिने बावीस वर्षे काढली होती. ते दोन शब्द, ‘जळीत विभाग’, त्या कागदावर असते तर तो तिने लावला असता, अशी माझी खात्री आहे. तुमच्या शिक्षिकाबाईंच्या मानपत्रात मानखुर्द, जन्मदाखले आणि विभाग कार्यालय हे शब्द आलेच पाहिजेत. ते एखाद्या नामवंत वक्त्याकडून लिहून घेऊ नका. ज्याने त्यांना काम करताना पाहिले त्याने ते लिहावे.

हिशेबनीस

फक्त व्यवहाराचे सांगतो. संघाची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या दोन्हींखाली झालेली आहे का, आणि कार्यकारिणी बदलल्यानंतरचा बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे दाखल आहे का, हे आधी पाहावे. पुरस्काराची रक्कम दरवर्षी वर्गणी काढून उभी केली तर तिसऱ्या वर्षी पुरस्कार बंद पडतो, म्हणून कायम ठेव करून तिच्या व्याजातूनच खर्च करावा. पुरस्काराला देणगीदाराचे नाव द्यायचे असल्यास ठरावात स्पष्ट लिहावे की निवडीत त्याला मत असणार नाही. या नोंदी नॅक या राष्ट्रीय परिषदेकडून होणाऱ्या महाविद्यालयांच्या मूल्यांकनातही उपयोगी पडतात.

दिवंगतांच्या बाबतीत मरणोत्तर पुरस्कारापेक्षा त्यांच्या नावाने एखादे वार्षिक व्याख्यान किंवा गरजू विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्ती सुरू करणे मला योग्य वाटते.

परळचा_पदवीधर

सर्वांचा मनःपूर्वक ऋणी आहे. कालच्या सभेत मी हे सर्व वाचून दाखवले. दोन पुरस्कार, मान सारखा, आणि संबंधित सदस्याने चर्चेच्या वेळी बाहेर बसणे, हे तिन्ही मुद्दे मंजूर झाले. प्रयोगशाळेच्या दालनाला देणगीदारांच्या इच्छेनुसार नाव देण्याचा वेगळा ठराव झाला आणि त्यांनी स्वतःच पुरस्काराच्या यादीतून आपले नाव मागे घेतले. नावे मागवण्याची मुदत सहा महिने केली आहे. ज्या सदस्यांनी मूळ प्रश्न विचारला होता, त्यांनी ग्रंथपाल सरांचे भांडारकरांविषयीचे वाक्य, ‘सेवा कामाच्या बाहेरही असते आणि कामाच्या आतही असते’, पुन्हा एकदा वाचायला सांगितले आणि इतिवृत्तात निकष म्हणून तेच शब्द घालण्याची सूचना मांडली.

सुहासिनीताई, आमच्याकडे १९६८ पासूनचे वार्षिकांक आहेत, मात्र १९७४ ते १९७७ चे अंक गहाळ आहेत. त्या वर्षांतील विद्यार्थिनींची नावे कुठे मिळू शकतील, याविषयी काही सुचल्यास अवश्य लिहावे. बाईंच्या मानपत्रासाठी मी शनिवारी मानखुर्दला त्यांच्या शाळेत जात आहे. मुख्याध्यापकांनी जुने जनरल रजिस्टर पाहू देण्याचे मान्य केले आहे, आणि बाईंनी दाखल केलेल्या मुलांपैकी दोघे अजून त्याच वस्तीत राहतात असे कळले आहे. त्यांच्याशी बोलून झाल्यावर पहिला मसुदा मी इथेच ठेवीन.