मदत हवी आहे: ‘अ‍ॅमॅच्युअर’ला ‘हौशी’ म्हटलं तर चालेल का?

मंडळी, जरा अडलंय.

कॉलेजच्या क्रीडादिनासाठी मी १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकला गेलेल्या, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या चार पोरांवर भित्तिपत्रक करतेय. मजकूर जवळपास झालाय, पण ‘अ‍ॅमॅच्युअर’ या एका शब्दापाशी गाडी रुतली.

चौघांतला रॉबर्ट गॅरेट बाल्टिमोरच्या बँकवाल्या घरातला. बरोबरच्या तिघांचा प्रवासखर्चही त्यानेच उचलला. अमेरिकेत तेव्हा थाळीफेक कुणी खेळतच नव्हतं, मग थाळी मिळणार कुठून? जुन्या ग्रीक वर्णनांवरून अंदाज बांधून त्याने लोहाराकडून एक घडवून घेतली. ती भरली तेरा-साडेतेरा किलो! फेकायची कसली, उचलतानाच घाम. नाद सोडला. अथेन्सला खरी थाळी हातात घेऊन बघतो तर जेमतेम दोन किलो. दिलं नाव ठोकून, आणि २९.१५ मीटर फेकून घरच्या मैदानावरच्या ग्रीक पारास्केवोपुलोसला २० सेंटिमीटरने मागे टाकलं. गोळाफेकही त्यानेच मारली. (पहिल्याला तेव्हा चांदीचं पदक द्यायचे. हे आधीच सांगते, नाहीतर कुणीतरी चूक काढणारच.)

आता अडचण. ‘हौशी’ म्हटलं की आपल्याला हौशी नाटकवाले आठवतात, नाहीतर हौशे-नवशे-गवशे. कबड्डीच्या संघटनेच्या नावातही ‘हौशी’ आहेच, पण तिथे अर्थ एवढाच की पैशासाठी खेळत नाहीत. भित्तिपत्रकात त्या काळच्या इंग्लंडाचाही उल्लेख आहे, आणि तिथे ‘अ‍ॅमॅच्युअर’चं प्रकरण निराळं होतं. १८६६मध्ये तिथल्या अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबने मेकॅनिक, आर्टिझन आणि लेबरर यांना ‘अ‍ॅमॅच्युअर’च्या व्याख्येतूनच बाहेर ठेवलं. मग भले त्यांच्यातल्या कुणी आयुष्यात बक्षिसाचा एक पेनी घेतलेला नसो! १८८०मध्ये ऑक्सफर्डला नवी संघटना झाली तेव्हा धावण्या-उडीच्या खेळांतून ही अट गेली. तिथल्याच हेन्ली गावच्या वल्हवण्याच्या शर्यतीत मात्र ती १९३७पर्यंत टिकली.

म्हणजे गॅरेटची थाळी घडवणारा लोहार इंग्लंडात असता, तर १८६६च्या नियमाने त्याला ती फेकायला मैदानात उभंही केलं नसतं. हे ‘हौशी’त कुठे येतं? ‘बिनव्यावसायिक’ सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. ‘सद्गृहस्थ खेळाडू’ लिहून पाहिलं, मैत्रिणी हसल्या.

तर दोन गोष्टी हव्यात.

अ‍ॅमॅच्युअरला यापेक्षा बरा शब्द आहे का? की ‘हौशी’च ठेवून खाली चौकटीत खुलासा करू? क्रीडापानावर काम केलेलं कुणी असेल तर जरूर सांगा.

आणि ‘मेकॅनिक, आर्टिझन, लेबरर’ या तीन शब्दांचं काय करू? सध्या ‘यंत्रकामगार, कारागीर, मजूर’ लिहिलंय. आमच्या सरांनी ‘बलुतेदार’ सुचवलं, पण त्याने सगळा गावगाडाच डोळ्यांसमोर येतो आणि गोष्ट इंग्लंडातून उचलून भलतीकडे जाते. सरांना नाही कसं म्हणू, तेही सुचवा.

शुक्रवारी फलकावर लावायचंय, म्हणून घाई.