गच्चीवरचं शेवाळ: अ‍ॅसिड चालेल का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): जुनी तीन मजली इमारत, गच्चीवर चायना मोझॅक (सिमेंटात बसवलेले फुटक्या टाइल्सचे तुकडे). पावसाळ्यानंतर काळंहिरवं शेवाळ धरलंय, पाय घसरतो. सफाईवाला अ‍ॅसिड टाकू म्हणतो. टाकू द्यावं का?

उत्तर १: अजिबात नको. अ‍ॅसिड तुकड्यांमधलं सिमेंट खातं आणि मग खालच्या कोब्यात (पाणी अडवणाऱ्या थरात) पाणी मुरतं. आधी ओलं शेवाळ पत्र्याच्या उलथण्याने खरवडून गोणीत भरा, पाइपाकडे ढकलू नका. मग १० लिटर पाण्यात २५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर ढवळा, गाळ बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच वापरा. ऊन उतरल्यावर शिंपडा, कारण उन्हात ते लगेच सुकतं. १५-२० मिनिटांनी कडक नायलॉन ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे, चष्मा हवाच. कुंड्या आणि टाकीचं झाकण आधी झाका.

उत्तर २: एक भर. ब्लीचिंगवर अ‍ॅसिड कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो. आधी अ‍ॅसिड मारलं असेल तर खळखळून धुवून दुसऱ्या दिवशी ब्लीचिंग घ्या. प्रेशर मशीनची धार सांध्यांवर जवळून मारू नका, भरणी निघते.

उत्तर १: आणि धुतल्यावर पाणी कुठे साचतं ते खडूने आखून ठेवा. तिथे उतार बिघडलाय, शेवाळ तिथूनच पुन्हा सुरू होणार. सांधे वाळल्यावर व्हाइट सिमेंटने भरा.

प्रश्नकर्ता: शेजारी सिमेंटचा जुना पत्राही आहे.

उत्तर २: तो कोरडा घासू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, धूळ फुप्फुसात जाते. त्यावर चढूही नका, पाय आरपार जातो.