पॅनेल मिटलं की नकाशा राखाडी: सेटटाइमआउट की रिसाइजऑब्झर्व्हर?

टिळकरोडकर:
पुण्यात विसर्जनाच्या दिवशी बंद असणाऱ्या रस्त्यांचा नकाशा करतोय, लीफलेट १.९ वर (वेबपानावर नकाशे दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी). डावीकडचं मंडळांच्या यादीचं पॅनेल मिटवलं की उजवीकडे राखाडी पट्टा उरतो. लीफलेट नकाशाच्या डब्याचं, म्हणजे तो ज्या डिव्हमध्ये बसतो त्याचं, माप एकदा घेऊन जपून ठेवतं आणि ब्राउझरची खिडकी लहानमोठी झाली तरच पुन्हा मोजतं. खिडकी तीच राहून आतला डिव्ह रुंदावल्याचं त्याला कळतच नाही. टीममधल्या एकाने सेटटाइमआउट (ठरावीक वेळाने कोड चालवणारं फंक्शन) लावून ३०० मिलिसेकंदांनी इनव्हॅलिडेटसाइज (लीफलेटला पुन्हा मोजायला लावणारी हाक) मारलंय. असला जुगाड नकोच. डब्याचं माप बदललं की कळवणारा ब्राउझरचा रिसाइजऑब्झर्व्हर डब्यावर लावा, विषय संपला. सफारीतसुद्धा तो २०२० पासून आहे.

पेठेतला_डेव्ह:
संपला कसला? पॅनेल सरकत मिटत असेल तर ऑब्झर्व्हर जवळपास दर फ्रेमला हाक मारणार आणि तुम्ही दर हाकेला टाइल्स (नकाशाचे चौकोनी चित्रतुकडे) मागणार. स्वस्तातला फोन घेऊन अलका चौकातल्या गर्दीत उभं राहून बघा. ट्रान्झिशनएंडला, म्हणजे पॅनेलचं सरकणं संपल्याच्या इव्हेंटला, इनव्हॅलिडेटसाइजची एक ओळ टाकली की झालं.

टिळकरोडकर:
इनव्हॅलिडेटसाइजला डिबाउन्समूव्हएंड नावाचा पर्याय आहे की! फोनवर टाइल्स मूव्हएंडलाच (नकाशा हलून थांबल्याच्या इव्हेंटला) मागितल्या जातात, तो २०० मिलिसेकंद लांबतो. आणि उद्या कोणी वर सूचनेची पट्टी टाकली, नकाशा टॅबमध्ये लपवला, तर तुमची ती एक ओळ कुठे कुठे शिंपडणार?

पेठेतला_डेव्ह:
माझ्या पानावर एकच पॅनेल आहे. एका खोलीच्या घराला वॉचमन कशाला?

नकाशेवाली:
राखाडी पट्टा निदान दिसतो तरी. फोन आडवा असताना लक्ष्मी रस्ता बेलबाग चौकापासून अलका चौकापर्यंत मावतो. उभा केला की मध्यबिंदू तोच, झूम तोच. रस्ता पूर्व-पश्चिम, म्हणून दोन्ही टोकं गायब. आणि लोकांना नेमकं अलका चौकातून बाहेर कसं पडायचं तेच हवं असतं. मी आधी दिसणाऱ्या भागाच्या सीमा जपून ठेवते आणि माप बदललं की फिटबाउंड्स करते, म्हणजे त्या सीमा मावतील असा झूम लावते.

टिळकरोडकर:
म्हणजे फोन आडवा-उभा करत राहिलं की दर वेळी झूम मागे. चार फेऱ्यांत पार लांबचं हडपसर दिसेल.

नकाशेवाली:
झालंय तसं, हसू नका. म्हणून आता सीमा फक्त माणसाने बोटाने नकाशा हलवला तरच नव्या घेते.

पेठेतला_डेव्ह:
झूमएंड (झूम बदलून संपल्याचा इव्हेंट) तर फिटबाउंड्सनेही वाजतो. बोटाचा कुठला आणि कोडचा कुठला, कसं ओळखता?

नकाशेवाली:
फिटबाउंड्सच्या आधी एक फ्लॅग (खरं-खोटं सांगणारी खूण) खरा करते, मूव्हएंडला खोटा.

पेठेतला_डेव्ह:
आणि मूव्हएंड आलाच नाही तर?

नकाशेवाली:
…सेटटाइमआउट आहे. ५०० चा.