मदत हवी आहे: स्टारशिपचं उड्डाण बघायला जायचंय

नमस्कार मंडळी. १३ ऑक्टोबर २०२४ला स्पेसएक्सच्या स्टारशिप या महाकाय रॉकेटचा बूस्टर (खालचा टप्पा) परत येऊन प्रक्षेपण मनोऱ्याच्या दोन यांत्रिक हातांत अलगद विसावला, तेव्हापासून लेकीने धोशा लावलाय, हे प्रत्यक्ष बघायचंच! मलाही तितकीच ओढ आहे. ३३ इंजिनं एकदम पेटतात ते पडद्यावर बघून मन भरत नाही.

आम्ही ह्यूस्टनहून गाडीने टेक्सासमधल्या प्रक्षेपणस्थळाजवळच्या साउथ पाद्रे बेटावर जाणार आहोत. तिथल्या इस्ला ब्लांका पार्कात चांगली जागा मिळायला किती वाजता पोचावं? बूस्टर परतताना सॉनिक बूमचा (ध्वनीपेक्षा जास्त वेगामुळे होणाऱ्या स्फोटासारख्या आवाजाचा) दणका बसतो; सोबत सत्तरीचे बाबा आहेत, त्यांच्या कानांसाठी काय न्यावं? आणि मुख्य अडचण, तारीख ऐनवेळी पुढे जाते. तुम्ही मुक्काम किती दिवसांचा धरला होता? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.