दमट हवेत सॉफ्ट पेस्टल : तुमचे रंग, कागद आणि जुगाड सांगा

खाजण, रत्नागिरी

जलरंगवाले आपल्याकडे गावोगाव सापडतात. सॉफ्ट पेस्टल, म्हणजे खडूसारख्या कोरड्या रंगकांड्या, हाताळणारे मोजकेच. त्यात पेस्टलबद्दल जे काही वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक कोरड्या, थंड हवेतल्या लोकांनी सांगितलेलं. त्यांच्या भिंतींना जूनमध्ये ओल येत नाही आणि पंखा बंद केला की कपाळावरचा घाम चित्रावर टपकत नाही. म्हणून हा धागा. कुठले रंग घेता, कुठला कागद, ठेवता कशात, सगळं लिहा. फोटो नसले तरी चालतील.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला बरं पडेल. पैसे मोजके असतील तर ते कागदावर घाला. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगद्रव्य, थोडा भराव आणि जेमतेम धरून ठेवण्यापुरता डिंक. कागदाला पकड नसेल तर दोन थरांनंतर तिसरा नुसता घसरतो, मग कांडी कितीही महागाची असो. मी मुंग्यो कंपनीच्या अर्ध्या कांड्या वापरते आणि कागद कॅन्सन कंपनीचा मी-तेंत. चौरस मीटरला १६० ग्रॅमचा, ५० रंगांत मिळतो. एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, दुसरी बाजू बारीक दाण्याची. ही जाळी आभाळात आणि गालावर फार डोकावते, म्हणून मी नेहमी दुसऱ्या बाजूवर काम करते. पांढरा कागद घेतच नाही. राखाडी किंवा मातकट घेतला की समुद्राचं अर्धं काम कागदच करतो.

काजूगर, देवगड

कागदाचं पटलं, पण रंग साधे चालतात हे अर्धंच खरं. स्वस्त संचात मधल्या छटा ढीगभर असतात आणि गडद जवळजवळ नसतात. पावसाने भिजलेला चिरा, कलमांच्या बागेतली दुपारची सावली, हे काढायला गडद लागतंच. काळ्याने भागवायला गेलात तर चित्र मळतं. मी मूळ संच साधा ठेवून गडद जांभळा, गडद तपकिरी, जवळजवळ काळा वाटेल असा हिरवा, एवढ्या कांड्या रेम्ब्रांट आणि सेनेलिये या महागड्या ब्रँडच्या सुट्या घेतल्यात. सेनेलिये इतका मऊ की नुसता टेकवला तरी उतरतो. तो शेवटच्या हातासाठी ठेवायचा. आधी कडक कांड्या, मग मऊ. उलटं केलं की कडक कांडी खालचा थर खरवडून काढते.

हिरव्याबद्दल वेगळं सांगायला हवं. संचातला हिरवा जुलैतल्या आपल्या डोंगरावर लावला की प्लास्टिकचा वाटतो. आधी खाली जांभ्याचा लालसर तपकिरी पातळ फिरवा, मग हिरवा आडवा ओढा. मधूनमधून लाल दिसत राहिला की हिरवा जागेवर बसतो.

आणि नव्यांसाठी : तालुक्याच्या दुकानात पेस्टल मागितलं की ऑईल पेस्टलच हातात पडतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं तेच नेतात, दुकानदाराचा दोष नाही. बोट फिरवून बघा. पूड सुटली तर सॉफ्ट, तेलकट चिकटलं तर ऑईल. तेलकट थरावर सॉफ्ट पेस्टल धरत नाही.

दर्यावर्दी, मालवण

माका विचारशात तर आधी कपाट बघा, रंग-कागद मगे. माझा घर दर्याक लागान. पावसात कागदाचो गठ्ठो सोडलंय तर कडेक सगळे तपकिरी ठिपके! आता सगळ्यांक समजात असा लिवतंय.

ठिपके बुरशीचे. कागदाला खळीसारखं जे साइझिंग असतं ते तिला आयतं खाद्य, आणि कसरीलाही. आता मे संपायच्या आत सगळे कागद जाड पॉलिथिनमध्ये बांधतो, आत सिलिका जेलच्या पुड्या. जेल रंग बदलणारं घ्यावं, ओल भरली की कळतं. गठ्ठा जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवत नाही. आजोबा कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायचे, ते बरोबर होतं, पण एलईडीला ती ऊब नाही.

सेनेलियेच्या ला कार्ट कागदाचं खूप कौतुक ऐकून तो मागवला होता. पकड अप्रतिम, प्रश्नच नाही. पण पाण्याचा थेंब पडला की तेवढ्या जागचा थर उठून येतो. श्रावणात पडवीत बसून रंगवणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये. पेस्टलमॅट हा दुसरा पेस्टलचा कागद ३६० ग्रॅमचा आहे, जाड आणि दणकट, त्यावर पाण्याचा हात फिरवून खालचा थर पसरवताही येतो. महाग आहे. मी ए-४चे तुकडे करून पुरवतो.

चिऱ्याचा बांध, चिपळूण

विद्यार्थी आहे, पेस्टलमॅट परवडत नाही. माझा कागद घरी होतो. जाड माउंटबोर्डावर पांढरा ॲक्रिलिक जेसो (रंगाआधी द्यायचा अस्तराचा लेप) दोन भाग, मार्बल पावडर एक भाग, ब्रश ओढता येईल इतकं पाणी. आधी आडवा हात, वाळला की उभा. दोन हात पुरतात. मागच्या बाजूलाही नुसत्या जेसोचा एक हात द्या, नाहीतर बोर्ड पुढच्या बाजूला वाकतो. मिश्रणात थोडा गेरूच्या रंगाचा ॲक्रिलिक टाकला की रंगीत पार्श्वभूमी फुकट. मार्बल पावडर नव्हती तेव्हा पांढरी रांगोळी तलम कापडातून चाळून घातली होती, पकड जरा खरखरीत आली, खडकांना झकास. चाळताना नाकातोंडाला मास्क हवा.

हार्डवेअरच्या दुकानातला वॉटरपेपर (घासायचा पॉलिशपेपर) काही मित्र वापरतात. ४०० नंबरवर रंग छान बसतो, पण तो चित्रासाठी बनवलेला नाही, मागचा कागद पुढे कसा टिकेल याची खात्री देता येत नाही. सरावाला ठीक. पेस्टलसाठीच बनवलेला यूआर्ट २४० ते ८०० नंबरांत मिळतो, नंबर जितका लहान तितका खरखरीत.

नारळाची सावली, अलिबाग

कागद-रंगांच्या भांडणात धुळीचं कोणी बोलतच नाहीये. पेस्टलची पूड फुंकायची नाही, म्हणजे नाहीच. काही रंगांत कॅडमियमसारखी द्रव्यं असतात, ती छातीत जाऊ द्यायची कशाला? बोर्ड उभा, वरची कड किंचित पुढे झुकलेली. पूड सरळ खाली पडते. खाली ॲल्युमिनियम फॉइलची पन्हळ दुमडून टेपने चिकटवलेली, काम झालं की ती गुंडाळून कचऱ्यात. फरशी ओल्या फडक्याने, झाडू नाही.

आता पंखा. पंख्याशिवाय एप्रिलमध्ये बसणं अशक्य आणि पंख्याखाली पेस्टल म्हणजे घरभर अल्ट्रामरीन. मी छताचा बंद करून टेबलफॅन पाठीमागे, जमिनीवर, पायांकडे वळवून ठेवते. हाताखाली बटर पेपरचा तुकडा, कारण घामाचा ओला ठसा कागदावर उठला की त्या जागी रंग वेगळाच बसतो.

खाजण

@नारळाची सावली, बटर पेपरसाठी धन्यवाद. मी चित्रं एकावर एक ठेवतानाही मध्ये तोच घालते, आणि तो सरकू नये म्हणून चारही कोपऱ्यांना टेप.

लाखेची बांगडी, सावंतवाडी

फ्रेमचा अनुभव. आमच्या फ्रेमवाल्याने काच थेट चित्रावर दाबून दिली. पावसाळ्यात काचेला आतून दमटपणा धरला आणि आभाळाचा भाग काचेलाच चिकटला. आता दाखवूनच देते : माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) जाड, नाहीतर काच आणि चित्र यांच्यामध्ये पट्टी. ॲक्रिलिक शीट नको, तिच्यावर स्थिर वीज तयार होते आणि ती पूड ओढून घेते. मागच्या दोन खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की फ्रेम भिंतीपासून सुटी राहते, मागून हवा फिरते.

फिक्सेटिव्हबद्दल, म्हणजे पूड धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याबद्दल, माझं मत कडक आहे. मधल्या थरांवर हलका फवारा ठीक, शेवटी नाही. पांढरा आणि फिकट पिवळा विझतात, लाटेचा फेस राखाडी होतो. दमट दिवशी तर बाटलीला हातच लावू नका.

काजूगर

शेवटचा फवारा नाही हे मान्य. पण शाळेच्या प्रदर्शनात मुलं चित्रांना हात लावणारच, तिथे मी मारतो आणि फेसाचा पांढरा फवाऱ्यानंतर पुन्हा लावतो.

भातखाचर, राजापूर

नवीन आहे. कांड्या एकमेकींना लागून सगळ्या एकाच मातकट रंगाच्या झाल्यात. आणि आंबोलीला एसटीने न्यायच्या आहेत, तुकडे न होता कशा न्यायच्या?

दर्यावर्दी

डब्यात तांदळाची कणी घ्या, कांड्या टाकून हलकेच हलवा, वरचा मळ कणीला लागतो. कणी लगेच फेकायची. आपल्या हवेत दोन आठवडे राहिली की किडे. तुटलेले तुकडे फेकू नका, उलट तुकड्याची आडवी बाजू जास्त कामाची. न्यायला पसरट डबा, खाली-वर फोम, रंग उजळ ते गडद असे ओळीने. झाकण लावून डबा कानाशी हलवा. खडखडलं तर फोमची आणखी एक घडी घाला.